तुरटी की हिराकस? यॉर्कशायरच्या झऱ्यांचं दहा वर्षांचं भांडण

बाळगुटीतलं मायफळ घरात असेल तर एक प्रयोग करून बघा. गंजका खिळा दोन दिवस पाण्यात ठेवा, व्हिनेगरचे चार थेंब टाका, मग सहाणेवर मायफळ उगाळून ते वेढे त्या पाण्यात सोडा. पाणी आधी जांभळट होतं आणि मग बघता बघता काळं पडतं, शाईसारखं. ती शाईच असते खरं तर, लोखंड आणि तुरट रस एकत्र आले की होणारी, आपल्याकडे हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, आणि हिरडा घालून करायचे तीच. मी हा उद्योग घरी केला तेव्हा आई म्हणाली पातेलं तूच घासायचं, आणि ते डाग काही एका घासण्यात गेले नाहीत.

हे सांगायचं कारण असं की सतराव्या शतकात इंग्लंडमधले डॉक्टर झऱ्याकाठी उभं राहून नेमकं हेच करत होते. मायफळाची पूड पाण्यात टाकायची, रंग बघायचा, आणि म्हणायचं की बघा, आमच्या पाण्यात लोखंड आहे, म्हणजे हे औषध आहे. आणि मग शेजारच्या गावचा डॉक्टर म्हणायचा की तुमच्या पाण्यात काय आहे ते तुम्हालाच कळलेलं नाही. हे प्रकरण त्यातल्याच एका भांडणाचं आहे. यॉर्कशायरमधली स्कारबरो आणि हॅरोगेट ही दोन ठिकाणं, मध्ये लुडबुड करणारं मॉल्टन, आणि एकमेकांवर पुस्तकांमागून पुस्तकं छापणारे तीन डॉक्टर. मी यात पडलो ते केमिस्ट्रीसाठी. पण वाचता वाचता लक्षात आलं की भांडण पाण्यात काय आहे याचं असलं तरी खरा प्रश्न, पाण्यात काय आहे हे सांगायचा हक्क कोणाचा, हा होता. आणि तोवर गिऱ्हाईक आपलं कुठल्या तरी तिसऱ्याच कारणासाठी येत होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपण कुठल्याही बाटलीबंद पाण्याला बिसलेरी म्हणतो ना, दुकानदारानं दुसऱ्याच कंपनीची बाटली हातात दिली तरी, तसंच त्या काळच्या इंग्रजांनी औषधी पाण्याच्या प्रत्येक झऱ्याला स्पा म्हणायला सुरुवात केली. स्पा हे मुळात आजच्या बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथल्या लोहयुक्त पाण्याची कीर्ती युरोपभर होती आणि इंग्लंडमधले पैसेवाले मुतखडा, पोटाच्या तक्रारी असलं काहीबाही घेऊन तिकडे जायचे. (जाता जाता, बिसलेरी हे नावही एका इटालियन माणसाचं आहे आणि त्याचं मूळ गाजलेलं प्रॉडक्ट म्हणजे लोखंड घातलेलं टॉनिक. १९६५ मध्ये ठाण्यात बिसलेरीचं पाणी बाटलीत भरायला लागले तोवर त्यातलं लोखंड गेलं होतं, नाव राहिलं.) आता एलिझाबेथ राणीच्या सरकारला या स्पा-वाऱ्यांची एक वेगळीच डोकेदुखी होती. त्या भागात इंग्लंडमधून पळालेले कॅथलिक लोक भेटायचे, त्यामुळे पोट साफ करायला निघालेला माणूस तिकडे जाऊन नक्की काय करतोय हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे घरच्या घरी तसंच पाणी सापडलं तर तब्येत, पैसा आणि राजनिष्ठा तिन्ही गोष्टी देशातच राहणार होत्या.

सापडलंही. साधारण १५७१ च्या सुमाराला विल्यम स्लिंग्जबी नावाचा माणूस, जो तरुणपणी स्पाचं पाणी पिऊन आला होता, नेर्सबरोच्या जंगलातल्या माळावर एका झऱ्याचं पाणी चाखतो आणि म्हणतो अरे ही तर तीच चव. त्यानं झऱ्याला भिंत घातली, तळाला फरशी टाकली. त्या झऱ्याचं नाव ट्यूइट वेल, म्हणजे टिटवीची विहीर. तिकडच्या बोलीत टिटवीला ट्यूइट म्हणतात, आणि दोन्ही शब्द पक्ष्याच्या ओरडण्यावरूनच आलेत हे न सांगताच कळतं. १६२६ मध्ये यॉर्कच्या एडमंड डीन नावाच्या डॉक्टरनं यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच इंग्लिश स्पा असं होतं, म्हणजे परदेशात जाऊ नका, इथंच या. मग मायकेल स्टॅनहोपनं १६३२ मध्ये बऱ्या झालेल्या पेशंटांच्या कहाण्यांचं पुस्तक काढलं, १६५२ मध्ये जॉन फ्रेंचनं आणखी एक. थोडक्यात, स्कारबरोवर पहिलं पुस्तक यायच्या आत या झऱ्यांचं ब्रँडिंग व्यवस्थित झालेलं होतं. तेव्हा सगळे याला नेर्सबरोचा स्पा म्हणायचे, कारण हॅरोगेट हे गाव म्हणावं असं काही नव्हतंच, चार घरं आणि माळ. मी सोयीसाठी हॅरोगेट म्हणतोय.

आणि तिथं आणखी एक पाणी होतं, गंधकाचं, सडक्या अंड्यासारखा वास मारणारं. गावातले लोक त्याला सरळ घाण विहीर म्हणायचे. डीननं त्याचीही नोंद केलीय, पण त्याचा जीव टिटवीच्या विहिरीत. घाण विहिरीवर खरूज, जखमा धुवायला गरीबगुरीब जायचे. ही विहीर लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

आता स्कारबरो. हे समुद्रकाठचं बंदर, हॅरोगेटपासून शंभर किलोमीटरच्या आसपास, दोघांच्या मध्ये यॉर्क शहर. १६२६ च्या सुमाराला तिथल्या मिसेस फॅरो, त्यांचे यजमान गावच्या कारभाऱ्यांपैकी, कड्याखालच्या वाळूवर फिरताना बघतात की एक झरा ज्या दगडांवरून वाहतोय ते दगड तांबूस झालेत आणि पाण्याला आंबटसर चव आहे. त्यांनी मायफळ टाकून पाहिलं, रंग बदलला. त्यांनी स्वतः प्यायलं, ओळखीच्यांना दिलं, आणि हळूहळू गावकरी दुखण्याखुपण्याला तेच प्यायला लागले. मला या गोष्टीत आवडतं ते हे की डॉक्टर लोकांनी पुढे जे काही शंभर पानं भरून केलं त्याचा गाभा एका बाईनं एका सकाळी करून टाकलेला होता, आणि तिनं त्यावर पुस्तक वगैरे काही छापलं नाही.

तिथून पुढची तीसेक वर्षं फारसं काही झालं नाही. यादवी युद्ध झालं, किल्ल्याला वेढा पडला, लोकांना पाणी प्यायला जायला सवड कुठली. मग १६६०. राजा परत आलाय, वातावरण मोकळं झालंय, आणि रॉबर्ट विटी नावाचा डॉक्टर, मूळ प्रॅक्टिस हल नावाच्या शहरातली, स्कारबरोच्या पाण्यावर पुस्तक काढतो. १६६७ मध्ये त्याचीच वाढवलेली आवृत्ती. विटी जुन्या शिस्तीचा डॉक्टर, गेलनच्या परंपरेतला, म्हणजे शरीरात चार रस, त्यांचा तोल बिघडला की आजार, बऱ्यापैकी आपल्या वात-पित्त-कफासारखं. लोकांमधल्या वैद्यकीय गैरसमजांवर लिहिलेलं एक लॅटिन पुस्तक त्यानं आधी इंग्रजीत आणलं होतं आणि त्याला अँड्र्यू मार्व्हेल या कवीनं स्तुतीची कविता लिहून दिली होती, तेव्हा माणूस काही ऐरागैरा नव्हता. त्याचं म्हणणं, स्कारबरोच्या पाण्यात पाच गोष्टी आहेत, हिराकस, लोखंड, तुरटी, सोरा आणि मीठ. आणि त्यातून मग हे पाणी कशाकशावर चालतं याची यादी, डोकेदुखीपासून जंतांपर्यंत. आजच्या एखाद्या चूर्णाच्या डब्यावर मागे जे छापलेलं असतं ते आठवा.

विटीच्या लिहिण्यात बेरकीपणा आहे. पाच घटक म्हटले की कुठलाही पेशंट कुठल्या ना कुठल्या घटकात बसतोच. ज्याला जुलाब हवेत त्याच्यासाठी मीठ आणि सोरा, ज्याचे थांबवायचेत त्याच्यासाठी तुरटी. पण तो नुसता विक्रेता होता असंही मला वाटत नाही, त्याचा विश्वास होता. पाणी किती प्यायचं, कधी प्यायचं, आधी कुठलं औषध घ्यायचं हे सगळं डॉक्टरनं ठरवायचं असा त्याचा आग्रह, आणि तिथेच खरी मेख आहे, कारण झरा फुकट आहे, वाळूवर आहे, कोणीही ओंजळ भरून पिऊ शकतो. मग डॉक्टरची गरज काय? गरज ही की पाण्यात काय आहे हे फक्त त्याला कळतं.

आणि इथं विल्यम सिम्पसन येतो. १६६९. हाही यॉर्कशायरचाच डॉक्टर पण विरुद्ध छावणीतला, स्वतःला केमिकल डॉक्टर म्हणवणारा. ही मंडळी पॅरासेल्सस आणि व्हॅन हेल्मोंट यांना मानणारी, चार रसांची थिअरी त्यांच्या दृष्टीनं भंगारात टाकायची गोष्ट, खरं ज्ञान भट्टीत आणि ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात. सिम्पसननं पुस्तक काढलं, स्कारबरो आणि यॉर्कशायरच्या इतर झऱ्यांचं रासायनिक शवविच्छेदन असा त्याचा थाट, आणि त्यात म्हटलं की विटींची पाचाची यादी चुकीची आहे. हिराकस नाही, सोरा नाही. या पाण्याचा जीव म्हणजे तुरटीचा क्षार आणि त्यासोबत थोडं लोखंड, बस.

बाहेरून बघितलं तर हे हास्यास्पद वाटतं, पाच की दोन. पण नीट बघा काय होतंय. त्याच पुस्तकात सिम्पसन नेर्सबरोबद्दल लिहितो आणि मॉल्टनच्या झऱ्याबद्दल लिहितो. आता नकाशा काढा. मॉल्टन हे यॉर्कहून स्कारबरोला जायच्या रस्त्यावर, जवळजवळ अर्ध्या वाटेत. म्हणजे यॉर्कहून निघालेला पेशंट मॉल्टनला थांबला आणि त्याला कळलं की इथलं पाणीही त्याच जातीचं आहे, तर पुढे आणखी एक दिवस घोड्यावर हाडं खिळखिळी करून घ्यायला तो कशाला जाईल? मुंबईहून महाबळेश्वरला निघालेल्याला पाचगणीतच हॉटेलवाल्यानं अडवावं तसं. स्कारबरोचं पाणी पाच दुर्मिळ खनिजांचं असेल तर ते एकमेवाद्वितीय. ते तुरटी आणि लोखंडच असेल तर तसलं पाणी आणखी कुठंही निघू शकतं. सिम्पसनच्या मनात हा धंद्याचा हिशोब होता की नव्हता हा भाग सोडा, पुस्तकाचा परिणाम तोच.

आणि तुरटी हे उत्तर वरवर बघता पटण्यासारखंही होतं. स्कारबरोच्या उत्तरेचा तो सगळा किनारा म्हणजे त्या काळचा इंग्लंडचा तुरटीचा कारखाना. कड्यातला काळा खडक फोडायचा, महिनोन्महिने ढीग लावून जाळायचा, पाण्यात भिजवायचा, आणि शेवटी तुरटीचे खडे पाडायला त्यात शिळं मूत्र घालायचं. हो, माणसांचं मूत्र, लंडन आणि न्यूकॅसलहून पिंपं भरभरून जहाजानं यायचं. कापड रंगवायला तुरटी लागते, इंग्लंडला ती बाहेरून आणायची नव्हती, म्हणून हा सगळा खटाटोप. ज्या किनाऱ्यावर खडकातून तुरटी निघते तिथल्या झऱ्यात ती असणारच, असा विचार कोणीही केला असता.

विटी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याच वर्षी, १६६९ लाच, उत्तर हजर. पुस्तकाच्या नावातच टोमणा होता, साधारण ‘आगविद्येची नक्कल’ असा अर्थ होईल, भट्टीवाल्यांना उद्देशून. मग १६७० मध्ये सिम्पसनचं प्रत्युत्तर. याचे पडसाद लंडनमध्ये रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये उमटले, हे जर्नल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं, आणि नॅथॅनियल हायमोरसारख्या नावाजलेल्या डॉक्टरनंही त्यात आपलं मत घातलं. यॉर्कशायरच्या वाळूवरचा एक झरा, ज्यावर दिवसातून दोनदा समुद्र चढतो, त्याच्यावर लंडनच्या विद्वानांनी डोकं खाजवावं म्हणजे चर्चा कुठवर गेली असेल बघा.

एवढ्यात तिसरा भिडू उतरला. जॉर्ज टन्स्टॉल, न्यूकॅसलचा डॉक्टर. त्यानं १६७० मध्ये पुस्तक काढलं, आणि त्याचा हल्ला सिम्पसनपेक्षाही वाईट, कारण सिम्पसन फक्त घटक चुकले म्हणत होता, टन्स्टॉल म्हणाला की या पाण्यात दगड बनवणारा अंश आहे, मुतखडा आणि गाउट, म्हणजे सांधे सुजण्याचा आजार, असलेल्यांना ते बाधेल. आता गाउट आणि मुतखडा हेच तर पैसेवाल्यांचे आजार! ज्या आजारांवर तुमचं सगळं दुकान चाललंय त्यांच्यासाठीच पाणी घातक म्हणजे सरळ पोटावर पाय.

पुढे जे झालं ते वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. टन्स्टॉलच्या पुस्तकाच्या नावाचा भावार्थ होता ‘स्कारबरोच्या पाण्याची रसायनानं केलेली चिरफाड’. विटीनं १६७२ मध्ये उत्तर दिलं त्याचं नाव साधारण ‘चिरफाड करणाऱ्यालाच फाडला’. आणि टन्स्टॉलनं त्याच वर्षी छापलं, ‘डॉक्टर विटींना नववर्षाची भेट, अर्थात फाडणाऱ्याची चिरफाड’. थोरामोठ्यांचं शास्त्रीय भांडण आहे हं हे, पिंपळपारावरचं नाही. आत काय आहे? तुला लॅटिन येत नाही, तुला भट्टी पेटवता येत नाही, तू माझं वाक्य तोडून छापलंस, असल्या गोष्टी आणि मधूनमधून पाण्याचे प्रयोग. प्रयोग मात्र खरे आहेत. पाणी आटवायचं, खाली काय राहतं त्याची चव घ्यायची, मायफळ टाकायचं, गरम करून टाकायचं, शिळं करून टाकायचं, रंग येतो का बघायचं.

या शिळ्या पाण्यात एक गंमत होती जी तिघांनाही छळत होती. झऱ्यावर ताज्या पाण्यात मायफळ टाकलं की रंग येतो, पण तेच पाणी चार दिवस उघडं ठेवलं किंवा लांब नेलं की तळाशी तांबूस गाळ बसतो आणि रंग फिका पडतो किंवा येतच नाही. आज आपल्याला माहितीय की या पाण्यात लोखंड कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर विरघळलेलं असतं, हवा लागली की वायू उडून जातो, लोखंडाचा गंज होऊन खाली बसतो. ज्यांच्या बोअरवेलला लोखंड आहे त्यांना हे सांगायला नको, सकाळी भरलेली स्वच्छ बादली संध्याकाळी पिवळी. पण तेव्हा याचा अर्थ लावला गेला तो असा की पाण्यात काहीतरी चंचल, उडून जाणारा प्राण आहे. आणि तो अर्थ धंद्याला फार सोयीचा. बाटलीतून मागवू नका, मजा नाही, स्वतः या, झऱ्याकाठी राहा, खोली भाड्यानं घ्या.

मग बरोबर कोण? याचं उत्तर मला फार आवडलं, कारण कोणीच नाही. स्कारबरोच्या पाण्यात लोखंड होतं, तेवढं सगळ्यांना मान्य होतं आणि ते मिसेस फॅरोंनाही माहीत होतं. पण ज्यानं लोकांना शौचाला पळायला लावलं तो मुख्य ऐवज तुरटी नव्हता, हिराकस नव्हता आणि सोराही नव्हता. तो होता आज आपण एप्सम सॉल्ट म्हणतो तो कडू क्षार, मॅग्नेशियम सल्फेट, सोबत थोडा चुनखडीचा अंश. आणि १६६९ मध्ये या पदार्थाला स्वतंत्र नावच नव्हतं. नेहेमिया ग्रू या डॉक्टरनं एप्समच्या झऱ्यातल्या कडू क्षारावर लॅटिन पुस्तक लिहिलं ते १६९५ मध्ये, १६९८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तोवर एका औषधविक्यानं त्याचं पुस्तक परवानगीशिवाय इंग्रजीत छापून तोच क्षार स्वतः बनवून विकायला काढला होता (ते आणखी वेगळं भांडण, पुन्हा कधीतरी). मॅग्नेशिया ही चुन्यापेक्षा वेगळी चीज आहे हे जोसेफ ब्लॅकनं दाखवलं १७५० च्या दशकात. म्हणजे आमचे तिघे डॉक्टर ज्या पेपरवर एकमेकांचे कान उपटत होते त्यात बरोबर पर्याय छापलेलाच नव्हता. तरी विटीचं काही अगदीच चुकलं म्हणू नये, त्यानं जे सोरा आणि मीठ म्हटलं ते बहुधा याच कडू क्षाराला हातातल्या शब्दांत पकडायची धडपड होती. आणि टन्स्टॉलचा दगड म्हणजे भांड्याच्या तळाशी बसणारी पांढरी खपली, जी आपल्याकडे गिझरमध्ये बसते तीच, फक्त त्यानं ती थेट पेशंटच्या मूत्राशयात नेऊन बसवली.

आता या प्रकरणातलं माझं सगळ्यात लाडकं वळण. आपला हा विल्यम सिम्पसन १६७५ मध्ये नेर्सबरोच्या गंधकाच्या स्नानावर एक निबंध लिहितो. ठीक, आधीपासून तो त्या बाजूचा होताच असं वाटतं. आणि मग १६७९ मध्ये तोच माणूस स्कारबरोच्या स्पाचा इतिहास लिहितो, आणि त्यात काय, तर या पाण्याचे उत्कृष्ट गुण आणि त्यानं बऱ्या झालेल्या आजारांच्या कहाण्या! दहा वर्षांपूर्वी ज्याची चिरफाड केली त्याचीच आरती. पक्षांतर म्हणा, शहाणपण म्हणा. मला वाटतं सिम्पसनला स्कारबरोच्या पाण्याशी वैर कधी नव्हतंच, त्याला विटी खुपत होता. पाणी चांगलं आहे, फक्त ते चांगलं का आहे हे मी सांगणार, चार रसवाले म्हातारे नाही. विटीही थांबला नव्हता, त्यानं १६७८ मध्ये स्कारबरोवर लॅटिनमध्ये पुस्तक काढून ठेवलं होतं, म्हणजे आता परदेशातल्या विद्वानांनाही कळावं.

आणि गिऱ्हाईक? दहा वर्षं डॉक्टर लोक छापील शिव्या घालत असताना स्कारबरोला जाणारे कमी झाले असं दिसत नाही, उलट गावाचं नाव लंडनच्या पुस्तकांच्या दुकानांत पोचलं. फुकटची जाहिरात यालाच म्हणतात. रॉयल सोसायटीत ज्याच्यावरून वाद झाला ते पाणी एकदा तरी चाखून बघावं असं कोणाला नाही वाटणार?

दोन्ही ठिकाणं एकाच नजरेनं बघितलेली एक साक्षीदार आहे, सिलिया फिएन्स. ही बाई घोड्यावरून अख्खा इंग्लंड पालथा घालत होती आणि १६९७ मध्ये यॉर्कशायरला आली. हॅरोगेटच्या घाण विहिरीजवळ वास इतका की तिचा घोडा जवळ जायला तयार होईना. पण तिनं स्वतः मात्र दोन सकाळी एकेक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरभर, ते पाणी ढोसलं, आणि लिहून ठेवलं की श्वास रोखून घशाखाली उतरवता आलं तर पोट साफ करायला चांगलं आहे. स्कारबरोला तिनं बघितलं की झरा वाळूवर आहे, भरतीला समुद्र त्याच्यावरून जातो, आणि तिचं मत पडलं की त्यामुळे पाण्याचा जोर गेलाय. ना विटी, ना सिम्पसन, ना मायफळ. घोडा बिचकला, समुद्र चढला, पोट साफ झालं, संपलं.

तिच्या या दोन निरीक्षणांत पुढची शंभर वर्षं दडलेली आहेत असं मला वाटतं. कारण दोन्ही गावांनी शेवटी विकायला काढलं ते आपलं व्यंगच. हॅरोगेटची टिटवीची विहीर, जिच्यावरून सगळी सुरुवात झाली, ती हळूहळू मागे पडली आणि जिला घाण विहीर म्हणायचे तीच गावाचं मुख्य दैवत झाली. वास हीच खात्री. इतकं घाणेरडं आहे म्हणजे नक्की औषध असणार, हा हिशोब काढा प्यायलेल्या कुठल्याही मराठी पोराला समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या कुंडांवर गंधकाचा वास आला की आजी म्हणायची, आज पाण्यात जोर आहे हो.

आणि स्कारबरोचा समुद्र, जो झऱ्यात घुसून पाणी बिघडवतो म्हणून बदनाम होता, तोच माल झाला. गंमत म्हणजे याचं बी विटीनंच पेरलेलं होतं. १६६७ च्या आवृत्तीत त्यानं गाउटसाठी समुद्रस्नान सुचवलंय, झऱ्याच्या जोडीला. त्याच्यावर जो वाद झाला तो तुरटी-हिराकशीचा, या वाक्यांकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १७३५ च्या एका चित्रात मात्र स्कारबरोच्या किनाऱ्यावर चाकांची खोली दिसते, घोड्यानं पाण्यात ओढत न्यायची, आत कपडे बदलून समुद्रात उतरायचं. अशा गाड्यांचं हे अगदी सुरुवातीचं चित्र मानतात. हॅरोगेटनं काय वाट्टेल ते केलं असतं तरी त्यांना समुद्र कुठून आणता आला नसता.

झऱ्यावरचा धंदाही या काळात पक्का झाला. गावच्या कॉर्पोरेशननं सतराव्या शतकाच्या शेवटी पाण्याला हौद बांधला आणि देखरेखीला डिकी डिकिन्सन नावाचा माणूस आला, लोक त्याला स्पाचा गव्हर्नर म्हणायचे. दिसायला ओबडधोबड, जिभेला तिखट, उमराव असो की कोण, सगळ्यांना एका मापानं बोलणारा, आणि त्याचीच चित्रं छापून विकली जायची. त्यानं बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी घरं बांधली. कशासाठी? तर लिटरभर एप्सम सॉल्टचं पाणी प्यायल्यावर माणसाला जिथं तातडीनं जावं लागतं त्यासाठी. १७३२ मध्ये मार्लबरोची डचेस इथं आली होती, तिच्या पत्रात बायकांच्या खोलीचं वर्णन आहे, ओळीनं वीसेक भोकांच्या बैठकी, खाली ड्रॉवर, आणि दाराशी पानांचा ढीग, आत जाताना न्यायला. डचेसबाई संतापल्या होत्या. मला मात्र हे वाचून वाटलं की तुरटी की हिराकस हा प्रश्न इथं पोचेपर्यंत किती लहान झाला असेल.

डिसेंबर १७३७ मध्ये मागचा कडाच खचला. वर एकरभर जमीन होती, त्यावर गाई चरत होत्या, त्या गाईंसकट जमीन खाली बसली, त्या दाबानं समोरची वाळू वर उचलली गेली, हौद, घरं सगळं मोडलं, आणि झरा गायब. डिकिन्सन त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच गेला. (आपल्याकडे दीडच वर्षानं चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि वज्रेश्वरीचा नवस फेडायला देऊळ बांधलं, तिथं कुंडं आधीपासूनच होती. काही संबंध नाही, पण तारखा शेजारी शेजारी दिसल्या की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.) हॅरोगेटवाल्यांना मनातून बरं वाटलं असेल का? वाटलं असेलच, माणसंच ती. पण स्कारबरोच्या लोकांनी ढिगारा उपसला, खणत खणत झरा परत शोधून काढला आणि पुन्हा घरं बांधली. इतका आटापिटा कशासाठी, असं वाटतं खरं, कारण त्या वेळेपर्यंत अर्धे लोक समुद्रासाठीच यायला लागले असणार. पण समुद्रात जा असं सांगायला आधी झऱ्याचं निमित्त लागतं.

हॅरोगेटनं आपली बाजू सांभाळली ती कायद्यानं. १७७० मध्ये जंगलाच्या जमिनी वाटून कुंपणं घालायचा कायदा आला, तेव्हा झऱ्यांभोवतीची दोनशे एकर जमीन कायमची मोकळी ठेवायची असं त्यात घालून घेतलं, म्हणजे कोणालाही झऱ्यापर्यंत जाता यावं, पाणी पिता यावं. कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. तो माळ अजून आहे, स्ट्रे म्हणतात त्याला, लोक कुत्री फिरवतात, पोरं फुटबॉल खेळतात, आणि टिटवीची विहीर त्याच माळावर आहे, वर एक छोटं घुमटाचं छप्पर.

मायफळानं काळं झालेलं ते पातेलं आमच्याकडे अजून आहे. आई त्यात आता झाडांना पाणी घालते.